ऐनवेळचे विषय

मराठी माणसांची सभा कार्यक्रमपत्रिकेशिवाय होत नाही. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दोन, जमाखर्चास मंजुरी देणे. तीन, चार, पाच असं करत शेवटची ओळ येते, ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे’. ती येईस्तोवर चहा झालेला असतो, बिस्किटांच्या पुड्यात भुगा उरलेला असतो आणि अध्यक्षांच्या ड्रायव्हरनं गाडी तोंड फिरवून फाटकाकडे लावलेली असते. पतपेढी, दूध सोसायटी, गणेश मंडळ, सगळीकडे हेच. सरकारी दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीतही हेच. इन्व्हर्टरची बॅटरी विषय क्रमांक तीनमध्ये येते, आवारातल्या पाट्यांची रंगरंगोटी चारमध्ये येते, आणि ज्याच्या कल्याणासाठी ही मंडळी जमलेली असतात तो रुग्ण ऐनवेळच्या विषयांत येतो. वेळ उरला तर.

रुग्णाचं एक समजू शकतो. तो आडवा असतो, त्याच्या एका हातात सुई असते आणि सभा पहिल्या मजल्यावर असते. पण त्याच्यासोबत जो उभा असतो त्यालाही कुणी काही विचारत नाही, याचं मला नवल वाटतं. ‘पेशंटचा नातेवाईक’ हा आपल्या आरोग्य खात्यातला सगळ्यात मोठा संवर्ग आहे. त्याला वेतनश्रेणी नाही, गणवेश नाही, बदली नाही, आणि पद कधी रिक्त राहिल्याचं ऐकिवात नाही. स्ट्रेचर तो ढकलतो. रक्ताची नळी पॅथॉलॉजीच्या खिडकीवर तो नेऊन देतो आणि रिपोर्ट तोच घेऊन येतो. ‘हे औषध स्टॉकला नाही, बाहेरून आणा’ ही चिठ्ठी घेऊन भर पावसात मेडिकलवर तोच जातो. रात्री सिस्टर सांगून जातात, “सलाईन संपत आलं की हाक मारा हं,” आणि हा माणूस पहाटेपर्यंत त्या थेंबाकडे बघत बसतो. सिस्टरचंही काही चुकत नाही. वॉर्डात खाटा तीस, खाटांच्या मधे गाद्या दहा आणि सिस्टर एक.

तशी वॉर्डात नात्यांची कमतरता नसते. कपडे बदलणाऱ्या मावशी असतात, ऑक्सिजनचं सिलिंडर फिरवणारे मामा असतात, सिस्टर असतात, हल्ली ब्रदरही असतात. पोटचा मुलगा तेवढा ‘बारा नंबरचे नातेवाईक कोण?’ या हाकेला ओ देतो.

या संवर्गात सेवाज्येष्ठता काटेकोर पाळली जाते. आठवडाभर मुक्काम झालेला नातेवाईक कालच आलेल्याला जिन्याखाली बसवून शिकवणी देतो. एक्स-रेची खिडकी साडेबाराला बंद होते असं पाटीवर लिहिलंय, पण बाबू बाराला उठतो. सोनोग्राफीला भरपूर पाणी पिऊन या म्हणतात, पण घरून पिऊन यायचं नाही. पुढं चार नंबर राहिले की मग प्यायचं, नाहीतर ऐन नंबराच्या वेळी आपण भलतीकडे असतो. गरम पाणी सहाला स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी मिळतं. मोबाईलच्या चार्जिंगचं भोक सात नंबरच्या खाटेमागे आहे आणि ते सात नंबरवाल्यांच्या मर्जीवर आहे. राउंडला मोठे डॉक्टर आले की लांबड लावायची नाही. ताप आला का, जेवले का, झोपले का एवढंच सांगायचं, आणि आपला प्रश्न शेवटी, ते पुढच्या खाटेकडे वळायच्या आत. हे ज्ञान कुठल्याही नागरिकांच्या सनदेत छापलेलं नाही. सनद लावलेली असते, पण वॉटर कूलरच्या मागं. कूलर हलवल्याशिवाय हक्क वाचता येत नाहीत.

बरं, लोकांना विचारावं ही कल्पना काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. १९७८ मध्ये अल्मा-अता इथं जगभरच्या सरकारांनी जाहीरनामा काढला, त्यात आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे असं म्हटलं. आपण त्यातलं कर्तव्य तेवढं मनावर घेतलं. वर सांगितलेली स्ट्रेचर, नळ्या, चिठ्ठ्या ही त्याचीच अंमलबजावणी.

समित्यांच्या जन्माची कथा जास्त रंजक आहे, कारण तिच्यात उंदीर आहेत. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि देशभर उंदीर या प्राण्याकडे लोक संशयानं बघू लागले. होळकरांच्या इंदुरात महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे, भलं थोरलं. तिथं रुग्णांपेक्षा उंदीर सुखात होते. जिल्हाधिकाऱ्यांनी रुग्णांना बाहेर हलवून इमारत रिकामी केली, उंदीर मारवले, सफाई केली, आणि हे पुन्हा होऊ नये म्हणून दवाखान्याचा कारभार बघायला गावातली माणसं घेऊन समिती नेमली. रोगी कल्याण समिती. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि ही समिती देशभर पोचली. आपल्याकडे ती रुग्ण कल्याण समिती झाली. म्हणजे सामान्य माणसाचा दवाखान्याच्या कारभारात शिरकाव झाला तो उंदरांच्या पुण्याईनं. गणपतीच्या वाहनाबद्दल वावगं बोलू नये ते यासाठी.

अभियानाच्या सुरुवातीच्या वर्षांत प्राथमिक आरोग्य केंद्राला समितीचे एक लाख, देखभाल-दुरुस्तीचे पन्नास हजार आणि अबंधित निधीचे पंचवीस हजार असे वर्षाला पावणेदोन लाख मिळायचे. अबंधित म्हणजे गरजेप्रमाणे खर्च करायला मोकळा. सरकारी माणसाला मोकळा पैसा दिला की तो घाबरतो. उद्या ऑडिट आलं तर? म्हणून पहिला खर्च बहुतेक ठिकाणी बिनधोक असायचा, तो म्हणजे ‘रुग्ण कल्याण समिती’ असा फलक, खाली सदस्यांची नावं. मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाठीवर दवाखान्याचं नाव रंगवलेल्या. मग पडदे. मी एका केंद्रात पाहिलं, बाळंतिणीच्या खोलीला पडदा नव्हता, सभेच्या खोलीला होता.

आता खिळ्याची हकिकत सांगतो.

आमच्या आत्याला न्यूमोनिया झाला आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. उपचार चांगले झाले, हे आधी सांगतो. पैसेही लागले नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा फुकट आहे, रांग तेवढी पूर्वीचीच. अडचण वेगळी होती. सलाईन चालू असताना बाईमाणसाला संडासला जायचं म्हटलं की बाटली धरायची कुणी? आत टांगायला काही नाही. मग आत्या आत आणि आमची आत्तेबहीण दाराबाहेर, नळी दाराच्या फटीतून, बाटली डोक्याच्या वर, वर्गात एकटीलाच उत्तर येत असलेल्या मुलीसारखा हात ताणलेला. दार पूर्ण लागत नाही. आतली बाई अवघडलेली, बाहेरची अवघडलेली, आणि पुढं अशाच आणखी दोघी हात वर करून नंबराला उभ्या. दिवसातून कितीही वेळा बघा, चित्र हेच.

शेजारच्या खाटेवर एका वाडीवरचे म्हातारबाबा होते. त्यांच्या आजीबाई हे सगळं पान लावता लावता बघत होत्या. त्या म्हणाल्या, “एक खिळा मारला तर काय दवाखाना पडंल का?”

एवढ्या कमी शब्दांत आरोग्यसेवेचं नियोजन मी आजवर ऐकलेलं नाही. मी ते शुद्ध मराठीत उतरवून अर्ज केला. अर्जाला आवक क्रमांक पडला. आणि वैद्यकीय अधीक्षक भले गृहस्थ निघाले, त्यांनी समितीच्या सभेला मला बोलावलं, ‘निमंत्रित’ म्हणून. मी आजींना म्हटलं, चला. त्या म्हणाल्या, “म्हाताऱ्याचं सलाईन निम्मं व्हायचंय, तवर येते.”

सभा रीतसर झाली. इतिवृत्त कायम झालं. बॅटरी मंजूर झाली. पाट्यांचा रंग निळा की हिरवा यावर सगळ्यांनी मतं मांडली, कारण रंग या विषयातलं सगळ्यांना कळतं. शेवटी ऐनवेळचे विषय निघाले आणि अधीक्षकांनी माझा अर्ज वाचला.

“खिळा म्हणजे नेमका कुठं?” अध्यक्षांनी विचारलं.

“संडासात, साहेब.”

लिहून घेणाऱ्या लिपिकानं मान वर न करता ‘स्वच्छतागृहात’ असं लिहिलं.

बांधकाम विभागाचे अभियंते होते. त्यांनी सांगितलं की भिंतीला टाइल आहे, टाइलवर खिळा बसत नाही, ड्रिल लागेल, ड्रिल म्हणजे इमारतीत फेरफार, आणि फेरफार म्हणजे अंदाजपत्रक. भिंत आमच्या खात्याची आहे, असंही त्यांनी सौम्यपणे जोडलं. अधीक्षक म्हणाले, सलाईन आमच्या खात्याचं आहे. दोन खात्यांच्या मधे आत्या अडकली होती.

एक सदस्य म्हणाले, खिळा चोरीला जाईल. कुणीतरी हसलं. “हसू नका,” ते म्हणाले, “मागं नळाच्या तोट्या गेल्या, तेव्हाही असंच हसला होता.”

दुसऱ्यांनी सुचवलं की समितीचा पैसा कशाला, देणगीदार बघू. गावात दानशूर आहेत. दवाखान्यातले पंखे, बाकडी, पाण्याची टाकी सगळ्यांवर कुणाच्या ना कुणाच्या कैलासवासी वडिलांचं नाव आहे. तर खिळ्याखालीही छोटी पट्टी लावता येईल, ‘यांच्या स्मरणार्थ’. एका व्यापारी सदस्यानं उत्साहानं हात वर केला, मग जागा आठवली असावी, कारण तो हात त्यानं डोकं खाजवण्याकडे वळवला.

तिसऱ्यांचा मुद्दा सामाजिक न्यायाचा होता. फक्त महिला विभागातच का? पुरुषांवर अन्याय नको. मग चर्चा दोन खिळ्यांवर गेली. मग अपघात विभाग, मग बाळंतकक्ष. खर्च वाढत चालला तशी सभेला रंगत आली, विषयाला वजन आलं.

इतक्यात आजीबाई दारात आल्या. पदर सावरून आत डोकावल्या आणि कुणी ‘बसा’ म्हणायच्या आत म्हणाल्या, “साहेब, तुमच्यातलं कोण सलाईन लावून परसाकडं गेलंय का?”

सभागृह शांत. प्रश्न कार्यपद्धतीला धरून नव्हता, पण हरकत कोण घेणार?

“मी गेलोय,” वैद्यकीय अधीक्षक म्हणाले. “मागच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला होता मला. इथंच होतो ॲडमिट.”

“मग कसं केलं?”

“मिसेस बाटली धरून उभ्या होत्या.”

त्यानंतर ठराव व्हायला वेळ लागला नाही. इतिवृत्तात तो असा नोंदला गेला : ‘स्वच्छतागृहांमध्ये सलाईन अडकविणेकामी योग्य त्या ठिकाणी हूक बसविणेबाबत सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देणेत आली.’ खिळ्याचा हूक झाला, आजींच्या प्रश्नाची सविस्तर चर्चा झाली. सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन सदस्यांची नावं पडली. आजी सदस्य नव्हत्या, त्यामुळे त्यांचं नाव येण्याचा प्रश्न नव्हता. त्या तोवर वॉर्डात परतल्याही होत्या, म्हाताऱ्याचं सलाईन संपत आलं होतं.

हूक बसले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा हकिकती ‘अजून फाईल फिरते आहे’ असं म्हणून संपवायची आपल्याला खोड आहे. हूक बसले, पण बसवले वॉर्डातल्या मामांनी, आणि मामा सहा फुटी. त्यांचा हात जिथं आरामात पोचतो तिथं हूक. वॉर्डातल्या बाया पाच फुटांच्या आतबाहेर. टाचा उंचावूनही बाटली अडकेना. मग पुन्हा अर्ज, पुन्हा सभा? छे. कुणीतरी ड्रेसिंगच्या टेबलावरची बँडेजची पट्टी घेतली, हुकाला दुहेरी वेढा देऊन हातभर खाली सोडली आणि टोकाला फास केला. त्यात बाटलीचं कडं बरोबर बसतं. कुणी केलं ते विचारू नका. आता प्रत्येक हुकाला पट्टी आहे, मळली की कुणीतरी बदलतं. यासाठी ठराव झालेला नाही.

एवढ्यावरून कुणाला वाटेल की लोकांना विचारलं की ते नुसते खिळे-पट्ट्याच सुचवणार. तसंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं आदिवासींनाच विचारलं की बाबांनो, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरं सार्वजनिक बांधकामच्या एकाही नकाशात बसणारी नव्हती. तुमच्या मोठ्या इमारतीत आमचा जीव घाबरतो. तुम्ही पांढरे कपडे घालता, आमच्यात पांढरं मेलेल्याला गुंडाळतात. आमच्या माणसांना तुम्ही बाहेर काढता. मग शोधग्राममधला दवाखाना झोपड्यांच्या धर्तीवर उभा राहिला, नातेवाईक रुग्णाजवळ राहतील असा, आणि त्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. देवीच्या घरी जायला कुणी घाबरत नाही. आमच्याकडे नव्या इमारतीचं उद्‌घाटन झालं की पहिली पाटी लागते ती ‘नातेवाइकांनी येथे बसू नये’.

जामखेडलाही डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून तेच केलं. गावानं निवडलेल्या, पुष्कळदा अक्षरओळखही नसलेल्या बायांना आरोग्याचं शिकवलं आणि गावचं आरोग्य त्यांच्या हाती दिलं. या दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ही उदाहरणं आपण भाषणात अभिमानानं सांगतो आणि मग विषय क्रमांक तीनकडे वळतो.

सरकारी यंत्रणेत असला प्रयोग झाला तो २००७ पासून, लोकाधारित देखरेखीचा. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत सुरुवात झाली, राज्यभरचं सूत्रसंचालन पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होतं. गावकऱ्यांनीच गावोगाव विचारायचं, नर्सबाई येतात का, औषध मिळतं का, कुणी पैसे मागतं का, आणि मिळालेल्या उत्तरांवरून दवाखान्याचं प्रगतिपुस्तक रंगवायचं. हिरवा म्हणजे चांगलं, पिवळा म्हणजे बरं, लाल म्हणजे पालकांना भेटायला पाठवा. जन्मभर पहिल्या पाचात आलेल्या डॉक्टरांना लाल शेरा मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तोही दहावी नापास मंडळींकडून.

मग जनसुनवाई. मांडव, सतरंजी, समोर टेबलामागं आरोग्य अधिकारी आणि हातात माईक घेतलेला गाव. एरवी दवाखान्यात डॉक्टर विचारतात आणि आपण ‘आ’ करतो, इथं उलटं. जनसुनवाईत सगळेच मुद्देसूद बोलतात असा गैरसमज नको. ‘मी दोनच शब्द बोलणार’ म्हणणारा माणूस पाण्याच्या टाकीपासून बिबट्यापर्यंत सगळं घेतो. पण त्यातच एखादी बाई उठते आणि सरळ सांगते की माझ्या सुनेच्या बाळंतपणाला अमुक रुपये घेतले, पावती दिली नाही. तिथं मग ‘पदं रिक्त आहेत’, ‘चौकशी करून कळवतो’ ही नेहमीची उत्तरं अपुरी पडतात. ‘वर कळवलं आहे’ हे तिसरं उत्तर. त्यावर पुढच्या वर्षीच्या सुनवाईत विचारायचा प्रश्न ठरलेला आहे, वर कळवलेलं खाली आलं का? काही ठिकाणी खरंच आलं. घेतलेले पैसे परत केले गेले, बाहेरच्या औषधांच्या चिठ्ठ्या थांबल्या, बंद उपकेंद्राचं कुलूप निघालं.

डॉक्टरांची बाजूही मांडतो, नाहीतर पुढच्या खोकल्याला कुठल्या तोंडानं जाऊ? एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागं तीस हजार लोक, आदिवासी भागात वीस हजार, असा निकष. मेडिकल ऑफिसरनं पेशंट तपासायचे, लसीकरण बघायचं, साथी आवरायच्या, प्रेतं चिरायची, बैठकांना जायचं आणि रोजचा आकडा ऑनलाइन भरायचा. त्यात आपण नातेवाईक काही संत नसतो. एका पेशंटमागं जीपभर माणसं येतात. किडनीच्या पेशंटला भेटायला येणारा हमखास शहाळं आणतो, आणि त्याला डॉक्टरांनी नको सांगितलंय म्हटलं की ‘नैसर्गिक आहे’ म्हणतो. व्हॉट्सॲपवरचा उपाय राउंडच्या वेळी डॉक्टरांना वाचून दाखवणारे मी पाहिले आहेत. ‘साहेबांचा फोन लावून देऊ का?’ म्हणणारे तर प्रत्येक वॉर्डात एक. आणि कुणी हात उगारतो तेव्हा त्याची बाजू घेण्याजोगं काही उरत नाही. त्यासाठी २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. हा कायदा प्रत्येक दवाखान्यात दाराशी, ठळक अक्षरांत, लाल रंगात लावलेला असतो. तो कूलरच्या मागं कधीच नसतो. माझं एवढंच म्हणणं आहे की ज्यानं तो फलक इतका नीट लावला त्याच माणसाकडे हक्कांचाही फलक लावायला द्यावा.

खासगी दवाखान्यांत मत विचारण्याची पद्धत फार सुसंस्कृत आहे. डॉक्टर सकाळी दहाला ‘घरी जा’ म्हणतात. मग विमा कंपनीची मंजुरी यायची असते. संध्याकाळी पाच वाजता, पेशंट कपडे करून बसलेला, रिक्षावाला खालून दोनदा फोन करून गेलेला, अशा वेळी गोड हसणारी मुलगी फॉर्म आणून देते, आमच्या सेवेबद्दल तुमचं प्रामाणिक मत. खाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. मंजुरीची फाईल तिच्याच काउंटरवर असते. नातेवाईक सगळीकडे हसरा चेहरा निवडतो, जेवणालासुद्धा. २०२१ पासून महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं नियमानं बंधनकारक आहे. लावतात. दर्शनी भाग कोणत्या दिशेचा ते नियमात नाही.

सरकारचंही ‘मेरा अस्पताल’ आहे, २०१६ पासून. दवाखान्यातून गेल्यावर मोबाईलवर विचारणा होते, समाधानी आहात का? योजना उत्तम आहे. मात्र आत्याच्या केसपेपरवर नंबर आहे भाच्याचा, आणि भाचा हिंजवडीत. तो मीटिंगमध्ये असतो. त्याला दवाखान्याचं तोंड माहीत नाही. तो आत्याच्या वतीनं समाधानी होतो आणि फोन ठेवतो. राज्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचं समाधान असं परगावच्या भाच्यांनी कळवलेलं असणार.

तक्रारपेटीबद्दल वेगळं सांगत नाही. तिची चावी ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याकडे असते एवढं सांगितलं की पुरे.

माझं मत विचाराल तर ॲप नको, चेहरे नकोत. दर महिन्याला वॉर्डातल्या चार बाया, त्यांतली एक तरी आठवड्याहून जुनी, सभेला बोलवा आणि त्यांचा विषय इतिवृत्ताच्याही आधी घ्या. त्यांना फार वेळ नसतो, वॉर्डात कुणाचं तरी सलाईन संपत आलेलं असतं, त्यामुळे त्या थोडक्यात बोलतील. चहा त्यांना आधी द्या.

आणि तुम्ही, वाचक मंडळी. पुढच्या वेळी गावच्या सरकारी दवाखान्यात कुणाला दाखल केलंत की दोन गोष्टी विचारा, रुग्ण कल्याण समितीवर कोणकोण आहे आणि पुढची सभा कधी आहे. ‘माहिती नाही’ म्हणाले तर फलक शोधा, तो नक्की असतो. त्यावर तुमच्या ओळखीचं एक तरी नाव सापडेल, एखादे मास्तर, एखादे मेव्हणे. त्यांना गाठा आणि तुमचा खिळा सांगा. फक्त सुरुवात जरा जपून करा. आपण सदस्य आहोत हे त्यांना तुमच्याकडूनच कळण्याचा संभव आहे.